थांबताना

भिवंडीत हिरामणशेटची भाताची गिरणी होती. चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्यापासून तिथला शाफ्ट थरथरू लागला. छताखालून आडवा गेलेला तो लांब लोखंडी दांडा इंजिनावर फिरायचा आणि पट्ट्यांनी खालची यंत्रं फिरवायचा. फिटर पंढरीने बेअरिंगं बदलली, पुल्या आवळल्या. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. पूर्ण वेगात शाफ्ट त्यातल्या त्यात शांत असायचा. पण इंजिन बंद केलं, की वेग उतरता उतरता मध्येच असा हादरायचा, की पत्र्यावरचा कोंडा झडायचा. मग मंदावला की पुन्हा निमूट. हे काय गौडबंगाल आहे ते पंढरीला उमजत नव्हतं.

पौषात हादरा वाढला, तसा पंढरी शेटकडे गेला. शाफ्ट उतरवून बघायला हवा म्हणाला. वज्रेश्वरीकडच्या भाताने भरलेल्या गाड्या दारात उभ्या होत्या, तरी शेटने आढेवेढे घेतले नाहीत. हातातलं भात संपलं की बंद कर, म्हणाला.

दुपारी पंढरीने इंजिन बंद केलं. त्याच्या बहिणीचा नवरा राघो नेहमीसारखा पट्टा उतरवायला शाफ्टखाली गेला. वेग उतरला, हादरा आला, आणि या खेपेला ओसरलाच नाही. कडाडून शाफ्ट तुटला. अवजड पुलीसकट अर्धा दांडा राघोच्या अंगावर आला. त्याला दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

तेराव्यानंतर बहीण, जानकी, गिरणीत आली. तुटलेला दांडा भिंतीशी पडला होता.

"दादा, बंद करा असं तूच सांगितलंस ना?"

"हा."

"मंग बंद करतानाच कसा तुटला?"

पंढरीने तिला तुटलेलं तोंड दाखवलं. बराचसा भाग काळा, तेल मुरलेला; कडेची चंद्रकोर तेवढी ताजी, चकचकीत. काळी होती ती जुनी चीर; पुलीच्या आड होती, कधीपासून वाढत होती.

"थांबताना मधल्या वेगाला त्याच्यावर लय ताण येतो," तो म्हणाला. "मना ठाव नव्हतं."

"चालूच ठेवला असता तर?"

"तरी तुटलाच असता. कवातरी. कोनावर तरी."

जानकी त्या काळ्या भागावरून बोट फिरवत राहिली. मग निघून गेली.

नवा शाफ्ट बसला. जानकी तिथेच पाखडायच्या कामाला लागली. दुसरं काम कुठे मिळणार? संध्याकाळी इंजिन बंद करण्याआधी पंढरी सगळ्यांना अंगणात काढायचा. जानकी तेवढी उठायची नाही. त्याने हाक मारली तरी सूप मांडीवर घेऊन ती शाफ्टखालीच, राघो पडला होता तिथे, बसून राहायची, दांडा पार थांबेपर्यंत.