कट्टाभर पीठ

ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत चंद्रभान फोरमन उभे राहिले आणि त्यांनी आपली मागणी मांडली, तेव्हा ती पहिल्यांदा कोणाला कळलीच नाही. संघात योगासनांचा वर्ग होता, मोबाइल शिकवणारा वर्ग होता, गुरुवारी गीतापठण होते. चंद्रभानांना हवा होता स्वयंपाकाचा वर्ग, आणि तोही पुरुषांसाठी.

"स्वयंपाकाचा?" संघाचे अध्यक्ष गोविंदराव हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चंद्रभानराव, उतारवयात माणसानं मन मोठं करावं. हे पोळपाट-लाटणं कशाला?"

"मन मोठं करायला आधी पोटात काहीतरी जावं लागतं."

"अहो, पण सोनपेठ काय म्हणेल? घरात सून असून सासरा चूल फुंकतोय!"

"सून पुण्यात आहे. चूल सोनपेठात आहे."

सभागृहात हशा पिकला. त्या हशाखाली मागणी बुडाली. भिंतींना नुकताच रंग दिला आहे, धुराने त्या काळ्या होतील, असे कारण इतिवृत्तात आले. चंद्रभानांनी ते ऐकून घेतले, खुर्ची मुकाट्याने जागेवर सरकवली आणि बाहेर पडले. खुर्ची जागेवर सरकवणे हा त्यांचा स्वभाव होता आणि ऐकून घेऊन आपल्याला हवे तेच करणे हाही.

तंत्रनिकेतनात शिकलेला हा माणूस पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी कार्यशाळेत फोरमन म्हणून निवृत्त झाला होता. बुलडोझरचे इंजिन डोळे मिटून उघडावे आणि बसवावे, अशी ख्याती. पण पत्नी विमला गेली, त्या दिवशी घरातला स्टोव्ह पेटवायला शेजारीण बोलवावी लागली होती. तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा धाकटी बहीण सरजाबाई हिच्या घरून येत असे. सरजाबाई पलीकडच्याच गल्लीत राहायची, मायाळू होती, हाताला चव होती. पण डबा आला की जेवायचे आणि येईपर्यंत दाराकडे बघत बसायचे, हे चंद्रभानांच्या मनाला टोचत असे. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणत्याही यंत्रापुढे असा हात बांधून दिवस काढला नव्हता.

मुलगा जीवन पुण्याहून रोज फोन करी आणि रोज एकच विषय काढी. आप्पांनी आता घर बंद करून पुण्याला यावे.

"आत्यानं किती दिवस डबा द्यायचा? तिचंही वय झालं."

"मी शिकतो. माझं मी करून खाईन."

"सत्तरी ओलांडल्यावर?"

"सत्तरी ओलांडल्यावर भूक थांबत नाही. मग शिकणं का थांबावं?"

जीवन हसला, मग चिडला, शेवटी म्हणाला, "ठीक आहे. येळवसला मी येतो. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हातचं पोटभर जेवताना दिसलात, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाहीतर माझ्याबरोबर गाडीत बसायचं."

"मान्य," चंद्रभान म्हणाले.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी अर्धे गाव शेतात जेवते. कडब्याच्या खोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, उभ्या पिकाला आंबील शिंपडायची आणि बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवायचे. आदल्या संध्याकाळपासून बायका रांधतात आणि पुरुष आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन मिरवतात. अशा दिवशी सर्वांच्या देखत परीक्षा द्यायची, हे चंद्रभानांनी जाणूनबुजून पत्करले.

संघाने दार लावले, तेव्हा धुरपताबाईंनी आपली ओसरी उघडून दिली. एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे पोरांची खिचडी शिजवली होती. आता त्या एकट्या होत्या, आवाज मात्र शाळेच्या मैदानाएवढाच राहिला होता. वर्गात दोनच विद्यार्थी होते. दुसरे महारुद्र, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या बायकोचे गुडघे गेल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आली होती.

"बसा मांडी घालून. पीठ काठवटीत घ्या," धुरपताबाईंनी फर्मावले. "पाणी जरा जरा. जरा जरा म्हनलं, फोरमनसाहेब! भाकर करायलाव का भिंत लिंपायलाव?"

"पिठाच्या किती पट पाणी, ते सांगा. मी मापून घेतो."

"हाताला इचारा, तेच सांगतंय."

चंद्रभानांना हे उत्तर पटले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी खिशातून पोलादी पट्टी आणली आणि थापलेल्या भाकरीची जाडी चार बाजूंनी तपासली. धुरपताबाईंनी पट्टी हिसकावून वळचणीला खोचली. कुंपणापलीकडून दोघी-तिघी डोकावत होत्या.

"काय वं धुरपतामावशी, जावई शिकवायलाव का?"

"जावई न्हाईत, इद्यार्थी हायेत! तुमचे पाठवा घरचे, फी घेत न्हाई," धुरपताबाई ओरडल्या. डोकी खाली गेली.

महारुद्रांची भाकरी काठवटीवर गोल फिरू लागली, तेव्हा ते स्वतःच चकित झाले. "फोरमन, इस्टेरिंगवानी फिरवायचं बगा. ब्रेक न्हाई मारायचा!"

चंद्रभानांना वेळ लागला. पण एकदा तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि धुरपताबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे गप्प बसणे हेच प्रमाणपत्र होते. त्या संध्याकाळी चंद्रभानांनी बहिणीला सांगितले की उद्यापासून डबा नको.

सरजाबाईचा चेहरा उतरला. "माज्या हातचं ग्वाड लागंना का, दादा? लोक म्हनतील, भैनीनं टाकलं."

"लोकांना माझ्याकडे पाठव. मी त्यांना जेवायला घालतो."

आता पीठ साठवायला हवे होते. आणि इथे चंद्रभानांमधला फोरमन जागा झाला. विमला दर आठवड्याला लहानसा डबा घेऊन गिरणीत जात असे. "एकदम दळून का आणत नाहीस? किती फेऱ्या वाया जातात," असे ते तिला म्हणत. ती नुसती हसायची. आता त्यांनी ती फेरी वाचवली. ज्वारीचा अख्खा कट्टा, म्हणजे भरलेले पोते, निवडून, उन्हात तापवून, एका दमात दळून आणला. पीठ पत्र्याच्या डब्यांत भरले, झाकणांना कापडाच्या पट्ट्या लावल्या, डबे मांडणीवर ओळीने लावले. कार्यशाळेचे भांडार इतके नीट नव्हते.

धुरपताबाईंना याची कल्पना नव्हती. ओसरीवरच्या वर्गात पीठ त्यांचेच असे, ताजे. कोणी कट्टाभर ज्वारी एकदम दळेल, हेच त्यांच्या स्वप्नात नव्हते, म्हणून तसे करू नये, हे सांगायचेही राहून गेले. पहिले आठ-दहा दिवस घरच्या भाकरी बऱ्या झाल्या. पुढे त्यांच्या कडा चिरू लागल्या. चंद्रभानांनी तो दोष आपल्या हाताचा मानला आणि रोज जास्त वेळ मळत राहिले.

येळवस उजाडली. चंद्रभानांच्या लहानशा शेतात खोप उभी राहिली, शाळूची कणसे बाहेर पडली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. भज्जी महारुद्रांनी शिजवली. वाटाणा, तूर, हरभरा, मेथी, पात, सगळे ताकातल्या बेसनात रटरटत होते आणि वास बांधापर्यंत गेला होता. आंबील चंद्रभानांनीच आदल्या दिवशी लावली होती आणि ती जमली होती. भाकरी मात्र तिथेच, माणसांसमोर, गरम गरम करायच्या असे त्यांनी ठरवले होते. विमलाची काठवट त्यांनी पुढे ओढली.

माणसे जमली. गोविंदरावही आले, कारण येळवसच्या जेवणाला नाही म्हणत नाहीत. जीवन पुण्याहून पोचला होता. त्याने गाडीतून चाकांची नवी सुटकेस काढून खोपीजवळ ठेवली. अटीची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे ती कोणासाठी आहे हे सर्वांना कळले होते.

पहिली भाकरी थापता थापता मधोमध फाटली. दुसरी उचलताना हातात तिचे तीन तुकडे झाले. तिसरी तव्यापर्यंत गेली आणि तिथे उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळली. चंद्रभानांनी आधीचे तुकडेही तसेच तव्यावर भाजून काढले. मागे कोणी तरी खोकले. गोविंदराव शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "संघाच्या भिंती वाचल्या म्हणायच्या."

सरजाबाई पदर सावरत भावाजवळ येऊन बसली. तिच्या टोपलीत, पांढऱ्या फडक्याखाली, पातळ पांढऱ्याशुभ्र भाकरींची चळत होती.

"दादा, ह्या घे. तव्यापाशी ठीव गपचिप. कोन बघायलंय?"

चंद्रभानांनी टोपलीकडे पाहिले. मग सुटकेसकडे पाहिले. टोपली उचलून त्यांनी सर्वांच्या देखत पंगतीच्या मध्यभागी ठेवली.

"ह्या भाकरी सरजाच्या हातच्या आहेत," ते मोठ्याने म्हणाले. "ज्यांना चांगली भाकरी हवी, त्यांनी ह्या घ्याव्यात. आणि ह्या फुटलेल्या माझ्या आहेत. ज्यांना त्या चालतील, त्यांनी त्या घ्याव्यात. मी माझ्याच खाणार."

धुरपताबाईंनी एव्हाना डब्यातले चिमूटभर पीठ बोटांत चोळले होते. "कवा दळलं हे?"

"महिना होऊन गेला."

"म्हैना? अन् किती दळलं?"

"कट्टाभर."

"कट्टा!" धुरपताबाईंनी कपाळावर हात मारला आणि शाळेच्या आवाजात हसल्या. "अवो, वरात जेवनार व्हती का? जुन्या पिठाची इरी जाती. चिकटपना उरत न्हाई त्याच्यात. तुमचा हात लय चांगला हाय, पीठ मेलंय! सरका, मी उकड काडून करते."

चंद्रभानांचा हात काठवटीवर थांबला. विमलाचा तो लहानसा डबा, तिच्या त्या फेऱ्या आणि ते हसणे एकदम त्यांच्या समोर उभे राहिले. मग त्यांनी काठवट स्वतःकडे घट्ट ओढली.

"हात लावू नका, बाई. तोंडानं सांगा."

"पाणी उकळा मग. उकळत्यात पीठ टाका, झाका, अन् चटके खात मळा. सोसंल का?"

"बुलडोझरच्या सायलेन्सरचे चटके सोसलेत."

बोटे लाल झाली. उकडीच्या भाकरी जाड झाल्या, कडेला चिरल्या, पण अखंड उचलल्या गेल्या. तोवर जीवन जवळ आला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि चंद्रभानांना तीच जास्त जड वाटली.

"आप्पा, पुरे झालं. बोटं बघा. हे असं रोज करणार तुम्ही? लोक हसतायत."

"हसू देत. तू काय अट घातली होतीस? स्वतःच्या हातचं, पोटभर. भाकरी गोल असावी, असं ठरलं नव्हतं."

ते पंगतीत बसले. आधीच्या फुटक्या भाकरींचे तुकडे त्यांनी ताटात कुस्करले, वर भज्जी ओतून घेतली, लसणाचा ठेचा लावला आणि जेवू लागले. महारुद्रांनी हात लांब करून एक फुटकी भाकरी ओढली. "कुस्करायचीच हाय भज्जीत, मग फुटकी काय न् साजी काय. मी बी ह्याच खानार."

जीवन उभाच होता. "पण आप्पा, जमलं नाही तर नाही म्हणायला काय हरकत आहे? या वयात हट्ट कशाला?"

चंद्रभानांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि मान वर केली.

"दहावीला गणितात राहिला होतास. आठवतं? रडून म्हणालास, मला जमत नाही, मी शाळा सोडतो. तेव्हा तुला पुन्हा बसवलं की नाही?"

"बसवलं."

"का बसवलं? एकदा नापास झाला म्हणून माणूस संपत नाही, म्हणूनच ना? मग मलाही पुन्हा बसू दे. माझा दोष कशात होता, तो आज सापडला. ज्याचा दोष सापडतो, ते यंत्र मी आजवर भंगारात दिलेलं नाही. स्वतःलाही देणार नाही. पाहुणा म्हणून पुण्याला येईन, नातीला भाकरी करून घालीन. पण घराला कुलूप लावून येणार नाही. ती सुटकेस परत ने."

गोविंदराव ताटाकडे बघत म्हणाले, "भज्जी मात्र उत्तम झाली आहे."

"वर्गात या," धुरपताबाई म्हणाल्या. "वसरीच्या भिंती काळ्याच हायेत आमच्या."

जीवनने पादत्राणे काढली आणि वडिलांशेजारी मांडी घातली. त्याचा हात सरजाबाईच्या टोपलीकडे गेला, तिथे क्षणभर थांबला, मग त्याने उकडीची एक जाड भाकरी घेतली. पहिला घास त्याला नीट चावता आला नाही. त्याने तसे तोंडावर सांगितलेही.

"जाड झालीय, आप्पा."

"माहीत आहे. पुढच्या वेळी पातळ होईल."

सरजाबाई डोळे पुसत होती आणि एकीकडे भावाला ओरडत होती की त्याने तिच्या भाकरीला हातही लावला नाही. चंद्रभानांनी टोपलीतली एक भाकरी उचलून कपाळाला लावली आणि ताटाशेजारी ठेवली. "ही संध्याकाळी. आता जागा नाही."

उन्हे कलली तेव्हा सुटकेस उघडली गेली. तिच्यात चंद्रभानांनी हरभऱ्याचे डहाळे भरले, बोरे भरली, आंबिलीचा घट्ट झाकणाचा डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून उभा बसवला आणि कणसांनी फटी बुजवल्या, म्हणजे वाटेत तो हलणार नाही. चाके बांधावरून ओढताना मातीत रुतली. जीवन आणि महारुद्र यांनी ती उचलून गाडीत ठेवली.

"आणि ते घरातलं उरलेलं पीठ?" जीवनने काच खाली करून विचारले. "ते डबेच्या डबे?"

चंद्रभानांनी धुरपताबाईंकडे पाहिले.

"धपाटे," त्या म्हणाल्या. "बेसन घालायचं, गहू घालायचा, समदं चिकटतंय. उद्या सकाळी या. अन् ती लोखंडी पट्टी वळचनीलाच राहू द्या."

गाडी गेल्यावर चंद्रभानांनी काठवट खरवडून धुतली, बांधावर उन्हाकडे तोंड करून वाळत ठेवली आणि ती वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले.