मोरीच्या गळ्यातला जीपीएस

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे, पण आज आनंद माझ्या नखाएवढ्या अंगात मावत नाही! आधी ओळख करून देतो, नाहीतर म्हणाल, हा कोण उपटसुंभ?

कारखान्यातून निघालो तो थेट एका खेळण्यातल्या विमानात बसलो. विमान आपटलं, आणि मी दोन वर्षं मोडक्या सामानाच्या खोक्यात धूळ खात पडलो. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. फार वाईट वाटायचं हो! मग वैष्णवीनं मला मागून घेतलं. ती पासली गावाच्या वरच्या धनगरवाड्यातली, भोरला शिकते. तिनं मला एका डबीत बसवलं, शेजारी मायक्रोकंट्रोलर दिला आणि ती डबी घरच्या मोरी म्हशीच्या घंटेच्या पट्ट्याला बांधली. विमानातून म्हशीच्या गळ्यात! पण खरं सांगू? रान हिंडायची मजा त्या विमानात नव्हती.

माझं काम सोपं. उपग्रहांकडे बघून आपण कुठं आहोत ते ओळखायचं आणि दर मिनिटाला तो ठिपका आपल्या पाटीवर लिहायचा. पाटी तीन दिवसांत भरते. भरली की माझं लिहिणं बंद. म्हणून वैष्णवी रोज संध्याकाळी ठिपके मोबाईलवर उतरवून घ्यायची आणि मग डबीचं बटण दाबायची. बटण दाबलं की मायक्रोकंट्रोलर तारेतून मला हुकूम सोडतो, 'पूस!' मी सगळं पुसतो आणि त्याला 'तीन' हा आकडा पाठवतो. आमच्यात तीन म्हणजे काम फत्ते!

गेल्या आठवड्यात वैष्णवी परीक्षेसाठी भोरला राहिली. जाताना वडिलांना, नाथाआबांना, बजावून गेली, "आबा, रोज संध्याकाळी तेवढं बटण दाबा." आबांनी इमानानं दाबलं. पण पहिल्याच दिवशी मोरीनं ऐनाच्या झाडाला मान घासली आणि हुकमाची तार तुटली. तिकडे मायक्रोकंट्रोलर बोंबलतोय, इकडे मला ऐकूच येत नाही! तिसऱ्या दिवशी माझी पाटी काठोकाठ भरली.

चौथ्या दिवशी दुपारी तीननंतर ढोरं वाड्यावर परतली. मी होतो चांदरी म्हशीच्या गळ्यात, आणि मोरी कुठंच नव्हती. ती तर गाभण, दिवस भरलेले! वैष्णवी नुकतीच एसटीतून उतरून चढण चढून आली होती. ती ओरडलीच, "आबा, पट्टा चांदरीला कुणी बांधला?"

"म्याच! गाभणीच्या गळ्यात वझं ठिवत न्हाईत. सकाळीच सोडला. मला काय ठावं ती आजच दडंल म्हनून?"

आबांचा चेहरा उतरला. त्या रानात बिबट्या फिरतो. सूर्य बुडायच्या आत मोरी सापडायलाच हवी होती.

वैष्णवीनं डबी उघडली, तुटलेली तार पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आज कळप कुठं हिंडला तेही लिहिलं नाही यानं. पाटी भरलीय." घाईघाईनं तिनं तार जोडली. तार धरतेय का ते बघायला बोट बटणावर नेलं. दाबलं असतं तर मला पुसावंच लागलं असतं, हुकूम तो हुकूम.

"अगं थांब की!" आई कोंडाबाई गोठ्यातनं धावत आली. "पुसायच्या आधी त्यात काय लिवलंय ते तरी बघ!"

वैष्णवीनं ठिपके मोबाईलवर उतरवले. तिन्ही दिवशी, दुपारी एक ते तीन, ठिपक्यांचा ओढ्यापासून दूर, एकाच जागी नुसता गोळा झाला होता.

"तवा तर ढोरं वढ्याला बसत्यात," आबा म्हणाले.

"ढोरं बसत्यात अन् तुमी घोरता!" कोंडाबाई म्हणाली. "ही बया तेवढ्यात जागा हेरून येत हुती."

आबांनी नकाशावर बोट ठेवलं. "ही तर करवंदीची खोल! त्या घळीत गेली आसंल!"

मग काय विचारता! पुढे आबा, मागे कोयता घेऊन कोंडाबाई, आणि मी वैष्णवीच्या मुठीत. जाळ्या ओरबाडत होत्या, दगड निसटत होते, ऊन कलत होतं. घळीत उतरलो आणि मोरीचं हंबरणं ऐकू आलं. रेडकू दोन दगडांच्या खाचेत अडकलं होतं, आणि मोरी त्याच्यावर आडवी उभी होती. आबांनी दगड सरकवून ते ओढून काढलं आणि नाकपुड्या पुसल्या. हालचाल नाही. कोंडाबाईनं पदरानं त्याचं अंग खसाखसा चोळलं. एक शिंक आली!

"रेडी हाय, रेडी!" आबा लहान पोरासारखे नाचले.

वैष्णवीनं तिथंच बटण दाबलं. हुकूम आला, मी सगळं पुसलं आणि ऐटीत उत्तर धाडलं, 'तीन!'

सगळं पुसलं, मग हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. अहो, कोंडाबाई आल्या-गेल्याला हेच सांगते, दिवसातून चारदा, आणि मी खुंटीवरून ऐकतो!

तर मित्रांनो, वही असो, मोबाईल असो की माझ्यासारखी पाटी, ती भरली की जरूर पुसा. पण त्याआधी एकदा वाचा हो! मला माझे ठिपके नुसते ठिपके वाटत होते. मोरी त्यात रोज आपल्या बाळंतपणाची जागा सांगत होती.