निरोप घेऊनही न गेलेला कृष्णाजी

मित्रांनो, मी एक जुना भालदार आहे. नाव कृष्णाजी. माझा मुलूख म्हणजे एक व्हिडिओ गेम. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या लावण्यानं मला घडवलं. खेळणारा जासूद होऊन राजवाड्याचं पत्र ओरत्तनाडूच्या छत्रात, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत, नेतो आणि मी त्याचा सोबती. वाट दाखवायची, ताकभात वाटून खायचा, त्याच्या वाटचे घाव झेलायचे.

लावण्यानं मला स्वभाव दिला. मी कुरकुरतो, पाय दुखले की बोलून दाखवतो, आणि खोटं मला खपत नाही. छत्राच्या कोठाराचं दार खेळणाऱ्याकडून उघडं राहतं आणि धान्य चोरीला जातं. तेव्हा त्याच्यापुढं दोन उत्तरं येतात. खरं बोललं तर त्याचा घोडा जप्त होतो. नाहीतर आळ माझ्यावर ढकलायचा. मग मी "येतो मी" म्हणून कायमचं निघून जायचं आणि पुढची नदी त्यानं एकट्यानं ओलांडायची. तेवढ्या दोन शब्दांसाठी निवृत्त मास्तर बाळकृष्णरावांनी तेरा वेळा मला आपला आवाज दिला.

आणि तिथंच माती खाल्ली की हो प्रणवेशनं! गेमचा प्रोग्राम लिहिणारा तो. घरी मराठी बोलतो, पण देवनागरी वाचता येत नाही. संवादांच्या इंग्रजी अक्षरांतल्या यादीत त्यानं "येतो" वाचलं आणि अर्थ लावला, हा सोबत येतो. झालं, निरोपानंतरही मला मागं चालत ठेवलं! अहो, घरातून निघताना हा गृहस्थ रोज शेजाऱ्यांना तमिळमध्ये "वरेन" म्हणतो, म्हणजे "येतो"च की! तेव्हा बरा निरोप कळतो!

सात महिने मी अपमान गिळला. चोर म्हणवून घ्यायचं, "येतो मी" म्हणायचं, आणि लगेच त्याच माणसामागं चालू लागायचं. लोक हसायचे. "हाकललं तरी चिकटतो," म्हणायचे. खोटं फुकटात पडत होतं, मग खरं कोण कशाला बोलेल? नुसता जळफळाट व्हायचा माझा.

मग एका दुपारी लावण्याची दहा वर्षांची भाची हरिप्रिया खेळायला बसली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मोजकं. तिनंही मला चोर ठरवलं. मी निरोप घेतला आणि मागं चालू लागलो.

"मावशी, हा येतो म्हणाला की! मग गेला कशास नाही?"

लावण्यानं प्रणवेशला बोलावलं. त्यानं यादी पाहून कपाळावर हात मारला. "अय्यो! माझंच चुकलं, अक्का."

दुरुस्ती झाली. बघू काय होतं म्हणून हरिप्रियानं पुन्हा माझ्यावर आळ घेतला. मी निघालो. तिनं हाक मारली, मी वळलो नाही. नदीकाठी एकटी पडल्यावर ती रडकुंडीला आली. "त्यास परत बोलाव."

"तूच घालवलंस ना?" लावण्या म्हणाली.

मित्रांनो, ज्याला जाता येत नाही त्याच्या राहण्याला काय किंमत? आम्हाला बोलतं करता, तसं दुखावूही द्या, रुसू द्या, जाऊ द्या. आणि आम्ही जाऊ नये असं वाटत असेल, तर आधी जपा.

हरिप्रियानं खेळ पहिल्यापासून सुरू केला. छत्रात पोचली. दोन्ही उत्तरं समोर आली. घोडा तिचा फार लाडका होता. तिचं बोट कितीतरी वेळ दोन्हींवर फिरत राहिलं. सात महिन्यांत मला चोर म्हणायला कुणालाच एवढा वेळ लागला नव्हता.