पावणेदोन किलो पाला

ट्रक आत येताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा वजन घ्यायचं, मधला माल कोणी खाल्ला ते हुडकायचं, ही त्याची नोकरी. वजनकाट्यावरच्या या कारकुनाच्या हातून अकरा वर्षांत एक पोतं सुटलं नव्हतं. बायको म्हणायची, यांच्यासमोर उसासा टाकायची चोरी, तेवढीही घट धरतील.

ती बायको न्हाणीघरात घसरली, हात प्लास्टरात गेला आणि ऐन गारठ्यात स्वयंपाक याच्या गळ्यात पडला. त्यात आत्या आलेली. तिला थंडी सोसत नाही, म्हणून यानेच हट्टाने आणलेली. लहानपणी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तिनेच त्याला भरवलं होतं.

बटाट्यांसोबत गरम पालेभाजी करायची ठरली. जाड पानांच्या आठ जुड्या त्याने निवडल्या, धुतल्या, चिरल्या आणि सवयीने तोलल्या. तीन किलो. लसणाच्या फोडणीवर ढीग ओतला तर झाकण बसेना. त्याने वर इस्त्री ठेवली. मग दारात शेजारी आला म्हणून तो उठला आणि तासभर गप्पांत अडकला. शेगडीपाशी शेकत बसलेली आत्या तेवढी आत राहिली.

परत येऊन त्याने झाकण काढलं. तळाला चार बोटं भाजी.

त्याने पुन्हा तोललं. सव्वा किलो. पावणेदोन किलो माल गायब, आणि खोलीत एकच माणूस.

"आत्या," तो ट्रकवाल्यांशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "इथे कोण आलं होतं?"

"मांजर डोकावून गेलं."

"मांजर पाला खात नाही. खरं सांग, मी रागावणार नाही."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "काय सांगू रे?"

"तुझी पिशवी बघू जरा?"

हे तोंडातून गेलं तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. पण अकरा वर्षांची जीभ. आत्याने पिशवी स्वतःच त्याच्या पायाशी उपडी केली. लोकरीची टोपी, गोळ्या, रुमाल आणि एक डबी. डबीत पाण्यात बुडवलेली तिची कवळी. सकाळपासून तिथेच होती.

"पोट तेवढं बघायचं राहिलं," आत्या बोळक्या तोंडाने म्हणाली. "तेही बघतोस?"

आवाज ऐकून बायको आली. एका नजरेत तिला सगळं उमगलं. "अहो, पाला शिजला की बसतो! पाणी उडून जातं त्याचं. एवढं शेंबड्या पोराला कळतं!"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगली असती तर बरं, पण खाली भाडेकरू राहत होते. तो गुडघ्यांवर बसून एकेक गोळी वेचू लागला. आत्याने टोपी घातली, शाल गुंडाळली, चपला चढवल्या.

"आत्या, चुकलो. जाऊ नकोस."

"उपाशी जाणार नाही. वाढ."

ती चपलांसकट जेवायला बसली. त्याने वाढलं. तिने कवळी बसवली, घास घेतला आणि तिचे डोळे पाण्याने भरले. त्यानेही घास घेतला. भाजी खारट जहर होती. तीन किलोंच्या ढिगाकडे बघून त्याने मूठभर मीठ टाकलं होतं.

"मीठ मात्र जागच्या जागी आहे," आत्या म्हणाली. "त्याला कोणी हात नाही लावलेला."

बायको फिसकन हसली. तो हसू शकला नाही. मान खाली घालून तो ती भाजी खात राहिला, सगळी.

"पुरे," शेवटी आत्या म्हणाली. "आजारी पडशील." पण चपला तिने काढल्या नव्हत्या.