आपली वीज, आमची वीज

बाळांनो, एका इमारतीची उन्हानं तापलेली गच्ची डोळ्यांसमोर आणा. तिथं एका मुलीची आई लोकांचे धुतलेले कपडे वाळत घाली. मग सगळ्यांनी मिळून सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. सोसायटीचे अध्यक्षकाका आले.

“वहिनी, दोऱ्या काढा. आपली वीज येतेय! तुमची कोळशाची इस्त्री सुटेल.”

आईनं हसत दोऱ्या सोडल्या. कपडे गल्लीच्या धुळीत वाळू लागले. पॅनेल बसली आणि आपलीच वीज म्हणून दर रविवारी मायलेकी वर जाऊन ती पुसू लागल्या.

वीज सुरू झाली. घरोघरी जोडण्या गेल्या, यांची खोली तेवढी राहिली.

“काका, आपली वीज आमच्या खोलीत कधी येणार?” मुलीनं विचारलं.

“अगं, तुम्ही भाडेकरू. आमची वीज फक्त सभासदांना. सभासद म्हणजे घरमालक.”

“पुसताना तर आपली होती!”

“वहिनी, हिची जीभ फार चालते हं.”

आई धुळीनं मळलेल्या चादरी दुसऱ्यांदा धुऊन, पिळून बादलीत टाकत होती.

मुलीनं ती बादली उचलली, गच्चीवर नेली आणि एकेक चादर नीट झटकून पॅनेलांवर पसरली.