रोजची दोन बिस्किटं

समीक्षाने महामायेचं दप्तर वर्तमानपत्रावर उपडं केलं आणि रिकाम्या कप्प्याच्या शिवणीतून बोटं फिरवली. पेन्सिलीची सालं, एक चिंचोका, खोडरबराचा चुरा. चुरा तिने नाकाशी नेला. रबरच होतं.

"मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसलीस?"

"आरतीजवळ."

"तिच्या डब्यात काय होतं?"

"मी बघितलं नाही." महामायेने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

नऊ वर्षांची ही मुलगी शाळेच्या रांगेत दुसरीतल्या मुलींच्या मागेही दिसेनाशी व्हायची. केस विरळ, दंड काटकीसारखे, आणि पोट तेवढं फुगलेलं. या आजाराला सिलिॲक म्हणतात, गव्हाचा कणही पोटात गेला तर हिचं आतडं आतून सोलवटतं, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला वर्ष उलटलं होतं. त्याच दिवशी घरातून गहू हद्दपार झाला. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू चिकटून राहतो म्हणून ज्वारी घरीच दळली जाऊ लागली. कणीक मिसळलेला बाजारचा हिंगही समीक्षाने टाकून दिला. तरी पोट दुखायचं थांबेना. कुठून तरी येत होतं. दिवसभरातला एकेक घास ती मनात पुन्हा पुन्हा चिवडत राही, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिला किंचित परकं दिसू लागे.

होळीच्या सुमारास तिने सासऱ्यांनाच विचारलं होतं. ज्ञानोबा रोज संध्याकाळी नातीला बुद्धविहारात नेत, आणि वाटेत दुकानं होती. त्या दिवशीही ते चपला घालून दारात उभे होते. महामाया भिंतीला टेकून हुंदके देत होती, कारण त्याआधी कितीतरी वेळ समीक्षा तिलाच खोदून खोदून विचारत होती.

"बाबा, तुम्ही हिला बाहेरचं काही देता का?"

ज्ञानोबांनी एकदा नातीकडे पाहिलं.

"व्हय. देतो मी. रोज दोन बिस्किटं. लेकरू मागतंय, काय करावं?"

समीक्षा ओरडली नाही. तिने त्यांचं ताट पूर्वीसारखंच वाढलं, पण महामायेला त्यांच्याबरोबर पुन्हा पाठवलं नाही. आठवड्याभरात ते देवणीला, गावाकडच्या घरी निघून गेले. वडिलांना बसमध्ये बसवून आलेला आनंदराज पुढे कितीतरी दिवस बायकोशी कामापुरतंच बोलत होता.

चोर सापडला होता. समीक्षाला काही दिवस झोप लागली. मग एका सकाळी महामाया पुन्हा पोट धरून बसली.

आज संध्याकाळी, दप्तराच्या झडतीनंतर दवाखान्यात, डॉक्टरांनी तपासणीचे आकडे पाहून मान डोलावली.

"रक्त छान आहे."

"छान कसं? ही अजून कण्हते."

"गहू पोटात गेला की रक्तात जे वाढतं, ते दिवाळीपासून सारखं उतरतंय. एकदाही वर चढलेलं नाही. फार जपलंत, ताई. आतडं खूप सोलवटलेलं होतं, भरून यायला काही मुलांना दोन-दोन वर्षं लागतात. तोवर दूध पचत नसेल, त्यानेही पोट दुखतं; सध्या ते थांबवून बघू. उंचीसाठी वेगळी तपासणी करू. चोर मात्र शोधू नका."

"मध्ये आजोबा हिला बिस्किटं द्यायचे," समीक्षा कशीबशी म्हणाली. "होळीच्या आधी. रोज."

"रोज?" डॉक्टरांनी जुने आकडे पुन्हा पाहिले. "शक्य नाही. तसं असतं तर मार्चमध्येच दिसलं असतं."

महामायेला वजन करायला आत थांबवून समीक्षा दवाखान्याच्या पायऱ्यांवर आली. तिने देवणीला फोन लावला.

"जयभीम, बाबा."

"जयभीम. लेकरू कसं हाय?"

तिने सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही बिस्किटं दिलीच नव्हती."

पलीकडे कुणीतरी गुरं हाकत होतं. 

"न्हाई."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तू लई हुडकत होतीस, माय. अन् फिरून फिरून त्या लेकरालाच धरायचीस. म्हनलं, मी सापडलो तर तिला सोडशील. म्हाताऱ्या मानसावर काय बी खपतं." ते हसले. हसता हसता खोकले.

"बाबा, परत या."

"येतो की. पर तिला इचारनं थांबलं का?"

आज दप्तराच्या शिवणीतून फिरवलेल्या बोटांकडे समीक्षाने पाहिलं.  फोन कानाशी तसाच राहिला.

मागे दार वाजलं. महामाया बाहेर आली आणि आईचे डोळे भरलेले पाहून वरच्या पायरीवरच थांबली. तिने आईचा चेहरा नीट निरखला. मग दोन्ही रिकामे तळवे पुढे केले.

"खरंच आई," ती म्हणाली, "मी काही खाल्लं नाही."