अभिमन आबांचा माठ

धुळ्याच्या रंगारी गल्लीत निळ्या रंगाची विलायती पूड आणली ती तोतारामनं. तीन वर्षांपूर्वी डबा डोक्यावर मिरवत आला आणि दारोदार सांगत सुटला, नीळ आंबवायच्या माठाचे नखरे आता पुरे. गल्लीला पटलं. का पटू नये? पूड कालवली की दुपारपर्यंत लुगडं निळं! माठाला रोज गूळ घाला, चुना घाला, थंडीत गोणपाटानं गुंडाळा, तान्ह्या पोरासारखं जपा. जरा हयगय झाली की माठ मेलाच. अकरा घरांनी आपले माठ उकिरड्यावर ओतले. बाराव्या घरच्या अभिमन आबांनी ओतला नाही, तेव्हा भर पंगतीत तोतारामच म्हणाला होता, "आबा, तुमना माठना वास भुसावळलगून जास!"

पंगत खदखदून हसली. आबा भरल्या पानावरून उठले.

मग जर्मनीशी लढाई पेटली आणि तिथूनच येणारी पूड बंद झाली. संक्रांत वीस दिवसांवर आलेली. व्यापाऱ्याला चारशे चंद्रकळा हव्या होत्या. जमत नसेल तर यापुढचं सगळं काम गिरणीला देतो म्हणाला. निळीच्या वड्या मिळत होत्या, पण कडाक्याच्या थंडीत नवा माठ आंबून उठायला महिना लागतो. जित्या माठातलं तांब्याभर पाणी मिळालं, तर विरजणासारखं लावून चार दिवसांत घरोघर माठ उभे राहिले असते. आता जिता माठ उरला होता एकच. गल्लीनं तोतारामला सुनावलं, मिरवलास तू, नाक घासायलाही तूच जा.

तो गेला. शरमेनं मान वर होईना. आबा ओसरीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन शे?"

"मी तोताराम, आबा. तुमना माठनं पानी मांगाले उनू."

आता शिव्या बसणार, असं त्याला वाटलं. म्हातारा तर खुललाच! हात धरून त्याला माठापाशी घेऊन गेला.

"बठ्ठा गल्लीले, घरोघर दे. पन पहिले चाखी सांग. पावसायामा ताप उना, तवपाशी मनी जिभनी चव गई. डोयाले दिसत नही. सून रोज गूय टाकस, मी ढवयस. जित्ता शे ना रे?"

तोतारामनं बोट बुडवून जिभेवर टेकवलं. इतकी वर्षं पूड कालवूनही जीभ काही विसरली नव्हती. जित्या माठाचं पाणी आधी चावतं, मग गोडसर लागतं. हे नुसतं सडकं होतं. माठ दिवाळीआधीच मेला असावा, आणि म्हातारा अजून त्याला गूळ भरवत होता. त्या पंगतीनंतर लाजेनं म्हणा, तोऱ्यानं म्हणा, या दारात कोणी पाऊल टाकलं नव्हतं. कोणी नुसतं येऊन बोट बुडवून चव सांगितली असती, तर माठ वाचला असता. गल्ली बुडाली होती, आणि ती आपण बुडवली, हे त्याला लख्ख कळलं.

आबा श्वास रोखून उभे होते.

"जित्ता शे, आबा," तोताराम म्हणाला. "झकास शे."

"माले ठाऊकच व्हतं!" आबांनी चाचपडत तांब्या काठोकाठ भरला. सुनेकडून पागोटं मागून घेतलं, काठी घेतली. "चाल. घरोघर मीच टाकसू."

तीन वर्षांनी आबा उंबऱ्याबाहेर पडले. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत वाट पाहत उभी होती. आबांनी तोतारामचा हात घट्ट धरला होता, आणि त्याला तो सोडवता येईना.